कोकणातल्या घरांची देखभाल करणाऱ्या टीमचं प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून मालवणपर्यंत किनाऱ्यालगत मुंबई-पुणेकरांची घरं आहेत, बंगल्यांच्या स्कीम आहेत, सोसायट्या आहेत, होमस्टे आहेत. मालक गणपतीला येतात, मे महिन्यात येतात, एखाद्या लांब सुट्टीला येतात. उरलेलं सगळं वर्ष ते घर दोन-चार माणसांच्या हाती असतं: केअरटेकर, पंपाचं बघणारा, साफसफाईच्या मावशी, गेटवरचा वॉचमन, एखादा मॅनेजर. या माणसांना नीट शिकवायचं कसं, हे मालक आणि सोसायटीची कमिटी आम्हाला सतत विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

आमचे काका वीस वर्षं घर सांभाळताहेत. त्यांना सगळं येतं. मग प्रशिक्षण कशाला?

काकांना येतं, यात शंकाच नाही. अडचण ही की ते फक्त काकांनाच येतं. विहिरीवरून टाकीत येणारी लाइन कुठून वळते, पाठीमागच्या पडवीतला कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडा ठेवायचा, कुठल्या कोपऱ्यातलं कौल दर पावसाळ्यात सरकतं, हे सारं त्यांच्या डोक्यात आहे. काका तापाने पडले किंवा मुलीकडे ठाण्याला गेले, की तुमचं घर अनोळखी होऊन जातं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते, रस्त्यांवर झाडं आडवी पडली होती. मुंबईतले मालक फोन लावत राहिले आणि इथली माणसं एकटी होती. वर्षभराने, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही हेच झालं. आम्ही प्रशिक्षण आखतो ते अशा दिवसासाठी. ज्याला कुणालाच विचारता येणार नाही, त्या माणसाला नेमकं काय करायचं हे आधीपासून माहीत असावं आणि ते करण्याची मुभाही असावी, एवढाच आमचा आग्रह आहे.

म्हणून काकांना वर्गात बसवू नका. त्यांना शिक्षक करा. पहिले चार दिवस त्यांच्यासोबत घरभर फिरून ते सांगतील ते लिहून घ्या. ज्याच्या अनुभवाला असा मान मिळतो, तो माणूस नव्या गोष्टी शिकायलाही तयार होतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

‘पद्धतशीर’ प्रशिक्षण म्हणजे काय? सांगून, समजावून होत नाही का?

सांगितल्याने माणूस मान डोलावतो, काम शिकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतले कसबी कामगार सैन्यात गेले आणि नवख्यांना झटपट तयार करायची वेळ आली. तेव्हा मुकादमांना शिकवण्याची एक चार पायऱ्यांची रीत देण्यात आली. आधी माणसाची तयारी करून घ्यायची आणि त्याला किती येतं ते विचारायचं. मग काम करून दाखवायचं, एकेक पायरी, तिच्यातली मेख आणि तिचं कारण सांगत. मग त्याच्याकडून ते करून घ्यायचं आणि करताना त्यालाच बोलायला लावायचं. शेवटी त्याला कामावर सोडून अधूनमधून बघत राहायचं. ही रीत आजही तितकीच कामाची आहे.

विहिरीवरच्या पंपाचं उदाहरण घेऊ. ‘पंप चालू कर’ हे दोन सेकंदांचं सांगणं झालं. शिकवायचं तर असं: आधी विहिरीत डोकावून पाणी फूटव्हॉल्व्हच्या (पाइपच्या तळाशी बसवलेल्या झडपेच्या) वर आहे का ते बघ, कारण मे महिन्यात पाणी खाली जातं आणि पंप कोरडा फिरला की सील जळतं. मग पॅनेलवरचा व्होल्टेजचा काटा बघ, कारण कमी दाबावर मोटर गरम होते. सुरू केल्यावर टाकीवर पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत जागेवरून हलू नकोस, कारण आवाज आला नाही तर पंप हवेवर फिरतोय. ‘कारण’ हा शब्द तीनदा आला, तो मुद्दाम. कारण कळलेला माणूस वेगळ्या विहिरीवर, वेगळ्या पंपावरही चुकत नाही. नुसत्या पायऱ्या पाठ केलेला माणूस पॅनेलचा रंग बदलला तरी गोंधळतो.

आणि एक साधा नियम: त्याने तुमच्यासमोर स्वतःच्या हाताने, तुम्ही मधे न बोलता, काम पूर्ण करेपर्यंत ‘शिकवलं’ असं वहीत लिहू नका.

किती दिवस लागतात? एका दिवसाची कार्यशाळा घेतली तर?

एका दिवसाच्या कार्यशाळेत जेवण चांगलं होतं, फोटो चांगले येतात. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. एका दिवसात जवळजवळ दोन तृतीयांश पुसलं गेलं होतं. हाताने केलेलं काम इतक्या लवकर पुसलं जात नाही, पण उजळणीशिवाय तेही टिकत नाही.

आम्ही पहिले दोन आठवडे रोज सकाळी पाऊण तास घेतो, तोही कामाच्या वेळेतला. त्यानंतर आठवड्यातून एक तास. प्रत्येक धडा तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा करून घेतो. साधारण तीन महिन्यांत घराची सगळी नेहमीची कामं किमान दोन माणसांच्या हातात बसतात.

गेटवरच्या वॉचमनलाही हेच?

एजन्सीकडून वॉचमन घेत असाल तर त्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आधी एजन्सीवर आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत सुरक्षारक्षकासाठी किमान १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष जागेवरचं प्रशिक्षण सांगितलं आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ते कमी आहे. एजन्सीकडे परवाना आणि या प्रशिक्षणाचे कागद मागा. मागितल्यावर कुरकुर झाली तर एजन्सी बदला. तुमच्या जागेची ओळख मात्र तुम्हालाच करून द्यावी लागेल.

वर्षाचं वेळापत्रक कसं लावायचं?

इथलं वर्ष जूनपासून मोजायचं. इंग्रजी तिमाह्या आखून आलेला कार्यक्रम कोकणात हमखास फसतो, कारण छप्पर गळायला लागल्यावर छपराचा धडा घेऊन उपयोग नाही.

सगळ्यात जड महिने एप्रिल आणि मे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची, कामं तेव्हाच उरकतात आणि धडेही त्याच कामांवर घ्यायचे. कौलं परतताना फुटकं कौल कसं ओळखायचं, पन्हळीतला पाला कुठे अडकतो, घरावर झुकलेल्या फांद्या आणि सुकलेल्या झावळ्या कोणत्या, चिऱ्याच्या गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला) फुगवटा आला आहे का. गडग्याच्या पायथ्याची भोकं बुजली असली तर पावसाचं पाणी मागे तुंबतं आणि गडगा ढासळतो, हे प्रत्येकाला बोट दाखवून शिकवा. याच दिवसांत वळिवाच्या विजा असतात, त्यामुळे टीव्ही, राउटर, इन्व्हर्टरचे प्लग काढण्याची सवयही लावून घ्या. आणि मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत ताडपत्री, दोरी, टॉर्च, गमबूट, जनरेटरचं डिझेल जागेवर आहे का, हे टीमनेच तपासून सही करायची.

जून ते ऑगस्ट नवा धडा नाही. फक्त रोजची फेरी: प्रत्येक खोलीत जायचं, वर बघायचं, खाली बघायचं, वास घ्यायचा. बंद घरातली ओल आधी नाकाला कळते. गाद्या उभ्या करायच्या, कपाटं उघडी ठेवायची. गणपतीच्या आधी आठ दिवस चाकरमानी येण्याच्या हिशेबाने गॅस, गिझर, पाण्याच्या टाक्या.

ऑक्टोबरात पावसाने काय खाल्लं ते मोजायचं. खाऱ्या हवेने बिजागऱ्या, ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट गंजतं. गोड्या पाण्याने धुणं, ग्रीस लावणं, रंगाचा हात देणं हे धडे तेव्हा. दिवाळी ते नवीन वर्ष पाहुण्यांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळतं आणि आंबा-काजूच्या बागांतून वणवा घरापर्यंत येतो, म्हणून जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) काढणं आणि पाण्याचा साठा राखणं.

अजिबात तडजोड करू नये असा धडा कोणता?

सेप्टिक टाकीत कुणीही उतरायचं नाही.

या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला’ हा समज म्हणूनच जीवघेणा आहे. एक माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच अनेकदा जास्त असतात. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाकडून सेप्टिक टाकी साफ करून घेणं हा गुन्हा आहे. ‘आमच्याकडे पूर्वीपासून असंच करतात’ हे उत्तर पोलीस ऐकणार नाहीत, आणि त्या माणसाच्या बायकोमुलांसमोर तर ते तोंडातून निघणारच नाही.

त्यामुळे इथला धडा ‘नाही’ म्हणण्याचा आहे. टाकी भरली की काय दिसतं, हे शिकवा: संडासातलं पाणी हळू उतरतं, शोषखड्ड्याभोवती ओल येते. मग सक्शन टँकर बोलवायचा. झाकण उघडलं की भोवती आडोसा करायचा, विडी-काडी पेटवायची नाही, लहान मुलं आणि कुत्री लांब. मालकाने फोनवर सांगितलं तरी उतरायचं नाही, हे मालकाने स्वतः टीमसमोर उभं राहून सांगायला हवं. आम्ही ते सांगायला लावतोच.

बंद पडलेल्या विहिरीलाही हाच नियम. आत प्राणवायू कमी असू शकतो. गाळ काढायला विहिरीच्या आत डिझेल पंप उतरवून चालवला तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठतो.

साफसफाईच्या मावशींना काय वेगळं शिकवायचं?

सगळ्यात आधी हे: ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एकत्र वापरायचं नाही. संडासाचं ॲसिड टाकलं आणि वरून ब्लीचिंग पावडर किंवा त्याचं द्रावण ओतलं, की क्लोरिन वायू सुटतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो फुप्फुसाला झोंबतो. बाटल्या मूळच्याच ठेवा, पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरू नका. दोन्ही वेगवेगळ्या फळ्यांवर, वेगळ्या रंगाच्या खुणेने.

विहिरीचं पाणी शुद्ध करायचं कामही पुष्कळदा त्यांच्याकडेच असतं. अंदाजाने मूठभर पावडर टाकण्याऐवजी, पावडर पाण्यात मुरल्यानंतर नळाला क्लोरिन किती उरला ते किटने तपासायला शिकवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार शिल्लक क्लोरिन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. किटमधले थेंब टाकल्यावर पाण्याचा रंग बदलतो आणि तो पट्टीशी जुळवायचा. सातवी शिकलेल्या एका मावशीने आमच्या एका सोसायटीत हे काम वर्षभर न चुकता केलं आणि वही इतकी स्वच्छ ठेवली, की आम्ही तिचाच नमुना आता सगळीकडे वापरतो.

विजेची कामं केअरटेकरला शिकवावीत का?

थोडी. पॅनेलवर कुठला एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) कशाचा, हे मराठीत लिहून चिकटवा. एमसीबी पडला तर तो एकदा वर करायचा. पुन्हा पडला तर हात लावायचा नाही, वायरमनला बोलवायचं. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबी या स्विचचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबल्यावर पुरवठा तुटला नाही तर ते नादुरुस्त आहे. पुराचं पाणी अंगणात आलं की घरात शिरायच्या आत मेन बंद, आणि पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय चालू नाही. याच्या पुढचं सगळं परवानाधारकाचं काम.

साप, लेप्टो वगैरेंचं काय?

घाबरवू नका, पण टाळूही नका. कोकणातल्या जांभ्याच्या कातळावर, चिऱ्यांच्या ढिगात फुरसं सापडतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार नावं आणि त्यांची चित्रं स्टोअररूमच्या दारावर लावा. दंश झाला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही. माणसाला चालवायचं नाही, हातपाय स्थिर ठेवायचा आणि १०८ ला फोन. ॲम्ब्युलन्सला उशीर होणार असेल तर कुणाची गाडी काढायची आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, हे आधीच ठरवून भिंतीवर लिहिलेलं हवं. मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला अर्धा तास परत येत नाही.

लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा ताप) गमबूट. पायाला भेग किंवा जखम असेल तर चिखलात काम द्यायचं नाही. पावसाळ्यात ताप आला तर अंगावर काढायचा नाही आणि डॉक्टरांना ‘चिखलात काम करतो’ हे सांगायचं. त्या दिवसाचा पगार कापू नका. पगार कापला जाईल या भीतीनेच ताप लपवला जातो.

आमच्या माणसांना नीट वाचता येत नाही. मग लिखित पद्धत कशी चालेल?

फोटो. त्याच घराचे, त्याच व्हॉल्व्हचे. उघडा व्हॉल्व्ह आणि बंद व्हॉल्व्ह असे दोन फोटो शेजारी, खाली हिरवी आणि लाल खूण. एका कामाला एकच पान, प्लास्टिकमध्ये घालून कामाच्या जागीच टांगलेलं. ऑफिसातल्या फायलीतलं पान पावसात भिजत नाही, पण कुणी वाचतही नाही. बाकी गोष्टींसाठी व्हॉट्सॲपवरचा आवाजातला निरोप उत्तम चालतो, आणि तो मालवणीत बोलणाऱ्या माणसाने मालवणीत दिलेला असेल तर आणखी उत्तम. आम्ही मुंबईहून आणलेली इंग्रजीमिश्रित चित्रफीत तळकोकणात दाखवली तेव्हा सगळे शांत बसून होते, एकानेही प्रश्न विचारला नाही. ती शांतता म्हणजे कुणाला काही कळलं नव्हतं.

शिकवणाऱ्याची भाषा हाही धड्याचाच भाग आहे. पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे करून काही शिकवता येत नाही.

किती अधिकार द्यायचा? पैशांचा निर्णय त्यांनी घ्यावा का?

घ्यावा. याच जागी बहुतेक प्रशिक्षण फुकट जातं.

काही वर्षांपूर्वी गुहागरकडच्या एका घरात आम्ही केअरटेकरला सगळं शिकवलं होतं. जुलैत मालकांच्या खोलीवरची कौलं सरकली. केअरटेकरदादांना पन्हळीवरून शंका आली, त्यांनी दोन दिवस मालकांना फोन लावला, मालक परदेशात होते. खोलीची किल्ली दादांकडेच होती. पण ‘आमची खोली उघडायची नाही’ असं सांगितलेलं होतं, म्हणून त्यांनी ती उघडली नाही. तिसऱ्या दिवशी दाराखालून पाणी बाहेर आलं. गादी, कपाट, जुने फोटो, सगळं गेलं. दादा रडत होते. चूक त्यांची नव्हती, आमची होती: आम्ही हात शिकवले आणि मुभा मागून घेतली नाही.

तेव्हापासून प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी मालकासोबत एक कागद करतो. न विचारता काय करायचं: पाणी, आग, वीज, माणसाचा जीव यांचा प्रश्न असेल तर कुठलंही दार उघडायचं, कुणालाही बोलवायचं. घरात पाच हजार रुपये एका डब्यात, बिल ठेवून खर्च करायचे. विचारून काय करायचं, तेही त्याच कागदावर. फोन लागला नाही तर किती वेळ वाट बघायची: गळतीला पंधरा मिनिटं, मोडलेल्या खुर्चीला पंधरा दिवस चालतील. खाली मालकाची सही. केअरटेकर तो कागद जपून ठेवतो, आणि त्यामागचं कारण आम्हाला आता समजतं.

शिकवलेला माणूस गोव्याला किंवा मुंबईला निघून गेला तर?

काहीजण जातील. गोव्यातल्या हॉटेलात पगार जास्त असेल तर त्यांनी का जाऊ नये? तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. शिकण्याच्या वेळेचा पगार द्या. नवं काम हातात बसलं की त्यासाठी थोडी का होईना, पगारवाढ द्या. आणि प्रत्येक काम दोघांना शिकवा. सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तीस वर्षं नळकाम केलेल्या माणसाला पहिल्यांदा नावाचा कागद मिळतो, तेव्हा तो घरी फ्रेम करून लावलेला आम्ही पाहिला आहे.

उपयोग झाला हे मोजायचं कसं?

अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या मांडल्या: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर वागणं बदललं का, आणि शेवटी फळ काय मिळालं. बहुतेकजण पहिल्याच पातळीवर थांबतात, फॉर्म भरून घेतात.

आम्ही न सांगता जातो आणि म्हणतो, ‘मागचा पाइप फुटलाय, पाणी बंद करा.’ घड्याळ लावतो. मुख्य माणूस सुट्टीवर असताना मुद्दाम जातो. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो. तीन महिन्यांनी दुसऱ्या माणसाने दोन मिनिटांत व्हॉल्व्ह बंद केला, की आम्हाला हवं ते मिळालं.

दहा-बारा घरांची छोटी सोसायटी आहे, बजेट नाही.

शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांसोबत धडे वाटून घ्या. पंप आणि टाक्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. अग्निशमनाचा कायदा लागू असलेल्या इमारतींना जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यावंच लागतं. त्यांचा माणूस आला की तासभर थांबवून टीमला शिकवायला सांगा. आग विझवायचा सिलिंडर पुन्हा भरायला द्यायच्या आधी जुना प्रत्येकाच्या हातून रिकामा करवून घ्या: पिन ओढा, नळी आगीच्या बुडाशी रोखा, मूठ दाबा, डावी-उजवीकडे फिरवा. एरवी तो सिलिंडर दुकानात असाच सोडून दिला जातो.

दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे मावशींना सांगून ठेवा.

पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

केअरटेकरसोबत पाण्याच्या मेन व्हॉल्व्हपाशी जा. वाटेतलं गवत काढा. व्हॉल्व्ह फिरतो का बघा. फिरत नसेल तर प्लंबरला बोलवा. फिरला तर त्यावर लाल रंग द्या, उघडा-बंद दोन्ही फोटो काढा. मग मावशींना बोलवा आणि त्यांच्या हातून एकदा बंद करून घ्या.